वीतभर वात

१९६२ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. विहिरी खोदण्याच्या धंद्यात पडून आठेक वर्षं झाली होती, आणि भीती ही गोष्ट आपल्याला लागू नाही अशी माझी पक्की समजूत होती.

दिवाळी अंकवाले पोरगे घरी आले तेव्हा म्हणाले, बाबा, जन्मापासून लिहा. मी म्हटलं, जन्मलो तेव्हा मी काही पाहिलं नाही. किती विहिरी खोदल्या, कुठे कुठे खोदल्या, तेही मी लिहिणार नाही. त्या जिथे आहेत तिथे आहेत, ज्याला पाहायच्या त्याने डोकावून पाहाव्यात. मी दुसरीपर्यंत शिकलो. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी सुधारावं, माझं वाक्य मोडू नये. मी लिहिणार आहे ते वितीबद्दल.

वीत सगळ्यांना माहीत आहे. हात पसरायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर तेवढी वीत. दोन विती झाल्या की एक हात. बाज विणणारा वीत वापरतो, कुंपणाची काटी रोवणारा वापरतो, लुगड्याचा काठ किती रुंद हे बाया वितीने सांगतात. पण बोलण्यात हा शब्द आला की तो नेहमी लहान गोष्टीसाठीच येतो. वीतभर पोट. वीतभर पोरगी. वीतभर बांध कोरला म्हणून भावाभावांची डोकी फुटली. कोणी वीतभर म्हटलं की ऐकणारा हसतो नाहीतर कीव करतो. आमच्या धंद्यात मात्र हा शब्द निघाला की सगळे गप्प व्हायचे. कारण आमची वीत जमिनीची नव्हती, वेळेची होती.

ते कसं, ते सांगतो. विहीर वरून खोदत गेलं की आधी काळी माती, मग मुरूम, मग मऊ दगड लागतो. तिथपर्यंत टिकाव, पहार चालते. पुढे काळा पाषाण लागला की पहार नुसती टणटण वाजते. मग सुरुंग, म्हणजे आमच्या बोलीत बार. दगडात छिणी आणि घणाने भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, दारूत वातीचं एक टोक खुपसायचं आणि वरून ओली माती ठासायची. माती लाकडी दांडक्याने ठासायची, लोखंडाने नाही. लोखंडाची ठिणगी पडली तर ठासणारा राहत नाही. वातीचं दुसरं टोक बाहेर लोंबतं. एक माणूस एकटा खाली राहतो, काडीने टोकं पेटवतो, डोलात बसतो आणि दोर हलवतो. वरचे लोक यारी फिरवून त्याला ओढून घेतात. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं केलेलं हाताने फिरवायचं चाक; तिच्याच दोराला तो लोखंडी डोल बांधलेला असतो. वात जळत जळत दारूपर्यंत पोचायच्या आत माणूस वर आला पाहिजे. एवढंच.

तर वात किती ठेवायची? विहिरीची खोली आम्ही परसात मोजायचो. दोन्ही हात पसरून माणूस उभा राहिला म्हणजे एक परस. नियम असा की एका परसाला एक वीत वात, आणि शेवटी एक वीत देवाची. पाच परस विहीर तर सहा विती. कोणी घड्याळ लावून हे काढलेलं नव्हतं. माझ्या बापाच्या आधीपासून चालत आलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, जीवाचा प्रश्न आहे तर दुप्पट का नाही ठेवायची? विहिरीच्या तळाला पाणी झिरपतं म्हणून. कितीही उपसलं तरी खाचेत थोडं साचतंच. आमची वात साधी सुताची असायची. लांब झाली की लोंबून पाण्यात पडायची आणि विझायची. आखूड वात माणूस मारते. लांब वात विझते, आणि विझलेला बार दुसऱ्या दिवशी माणूस मारतो. मधली जागा वीतभर.

दुसरा नियम त्याहून कडक. जो खाली उतरणार त्यानेच आपली वात आपल्या उजव्या हाताने मोजून कापायची. माझ्या बापाच्या टोळीत एकदा एकाची वात दुसऱ्याने कापली. गप्पा मारता मारता कापली, एक वीत मोजायची राहिली. खाली होता त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत. बापाने मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा सांग म्हटलं तर उठून गेला.

लोकांना आमच्या सुरुंगाची भीती वाटायची ती वेगळी. लोणारकडे एका शेतकऱ्याची विहीर खोदली. तो बार उडायच्या वेळी घरात बाजेवर बसून कानात कापूस घालायचा. स्वतःच्या तर घालायचाच, बैलांच्याही घालायचा. बार उडून, धूर निघून, आमचा चहा झाला तरी तो तसाच बसलेला. मग त्याची बायको खांदा हलवायची तेव्हा तो ओरडून विचारायचा, "उडाला काय हो?" आम्ही पोट धरून हसायचो. आता वाटतं, तो माणूस शहाणा होता. भीती वाटते म्हणून सरळ कापूस घालत होता. आम्हाला तेवढंही जमत नव्हतं.

त्या सालची विहीर दुसरबीडजवळ होती. मालकीण गोदामाय. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत स्वतः करायची, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातले बैल थांबायचे. रोज सकाळी येऊन विचारायची, "कितीक राह्यलं बाप्पा पानी?" जसं काही आम्ही ते लपवून ठेवलेलं होतं.

आमच्या टोळीचे पुढारी सखाराम दाजी, माझ्या मोठ्या बहिणीचे, वच्छाअक्काचे, मालक. वच्छाअक्का आमच्यासोबतच शेतात पाल ठोकून राहायची, सगळ्यांचा स्वयंपाक करायची. यारीवर मी आणि बळी. बळी म्हणजे आमच्याच गावचा, अंगाने रेडा आणि तोंडाने चकलीसारखा वाकडा. बाकी दोघेतिघे माती-दगड वाहणारे. वात पेटवायला नेहमी दाजीच उतरायचे. त्यांचा हात मोठा होता, बोटं लांब. त्यांची वीत म्हणजे आमच्यात दाखला होता. वातीचं भेंडोळं मांडीवर घेऊन ते विती टाकायला लागले की गोम चालल्यासारखा हात सरसर पुढे जायचा. बघायला बरं वाटायचं.

विहीर सात परसांवर गेली होती. वैशाखाचे दिवस. तळाला पाषाण आणि बारीक झिरपा. बार घ्यायच्या आदल्या दिवशी भोकं पाडताना घण निसटला आणि दाजींच्या उजव्या अंगठ्यावर बसला. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला. अक्काने हळद-तेल लावून चिंधी बांधली. दाजी म्हणाले, "काई नाई, मुका मार हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी मी आणि बळीने पाच भोकांत दारू भरली. चार तळाला होती, पाचवं एका कमरेएवढ्या टप्प्यावर. वर आलो तर दाजी बाभळीखाली बसून वात मोजत होते. पद्धत अशी की एक वात मोजायची, आणि बाकीच्या तिच्याशी लावून कापायच्या. मी पाणी प्यायला गेलो आणि सहज पाहिलं. चिंधी बांधलेला अंगठा खुंटीसारखा ताठ उभा होता. उघडतच नव्हता. करंगळी पुढे जायची, अंगठा मागेच. दाजी मात्र नेहमीच्या सुरात मोजत होते, "चार... पाच... सहा..."

मी म्हटलं, "दाजी, वीत भरून नाई राह्यली."

"काय म्हनला?"

"तुमचा अंगठा उघडून नाई राह्यला. विती आखूड पडून राह्यल्या. येका वितीले तीन-चार बोटं तरी."

दाजींनी वर पाहिलं. "किसना, तू नागडा फिरत होता तवापासून हा हात वात मोजून राह्यला. मले वीत शिकवतं काय बे?"

"शिकवत नाई. डाव्या हातानं मोजा मंग."

"डाव्यानं मोजलेल्या वातीवर कोनी उतरते काय? बापानं हेच शिकवलं तुले?"

"मंग मी मोजतो. मी उतरतो."

बळी मागून म्हणाला, "घ्या! साळा दाजीच्या गादीवर बसून राह्यला." सगळे हसले. तिथेच बिघडलं. चार माणसांत हसू झाल्यावर दाजी ऐकणारे नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. मी भेंडोळ्याला हात घातला. त्यांनी माझा हात झटकला.

आवाज ऐकून गोदामाय बांधावरून आली. "काय हो हे? वीतभर वातीसाठी काऊन भांडून राह्यले बाप्पा? घ्या ना हातभर जास्त!"

"जास्त घेतली तं पान्यात पडते, माय," दाजी तिला म्हणाले. मग माझ्याकडे पाहत त्यांनी त्याच सुजलेल्या हाताने आणखी एक वीत टाकली आणि तिथे कापली. "घे. आठ माह्या. ही नववी तुही. आता बोंबलू नको."

बाकीच्या चार त्यांनी तिच्याशी लावून कापल्या आणि खाली उतरून पाचही दारूत खुपसून वर माती ठासली. मग खालून हाक आली की तयार आहे. आम्ही लाल फडकं काठीवर चढवलं, बळीने चारी दिशांना "बार हाय होऽऽ" ओरडून घेतलं, वाहणारे बाभळीच्या मागे गेले. अक्का भाकरी घेऊन आलेली होती. बार उडायच्या वेळी ती कायम विहिरीकडे पाठ करून बसायची, तशी बसली. काही तरी निवडत असल्यासारखे हात हलवायची, ताटलीत काही नसायचं.

मी यारीचा दांडा धरला आणि माझी नजर जमिनीवर गेली. वातीचं उरलेलं भेंडोळं तिथे पडलं होतं. सकाळी किती होतं मला ठाऊक होतं. रोज पाहायचो. पाच वाती कापल्यावर ते जेवढं उरायला पाहिजे त्यापेक्षा फार जास्त उरलं होतं. नववी वीत धरूनही जास्त.

मी विहिरीत तोंड घालून ओरडलो, "दाजी! पेटवू नका! वर या!" सात परसांत आवाज गोल फिरतो. खाली पोचेपर्यंत त्याचा नुसता घुमारा होतो. उत्तर म्हणून वर धुराचा वास आला.

तो वास मी आजही ओळखतो. फटाक्यांच्या दिवसांत नातू वात पेटवतात तेव्हा मी घरात जातो. ते समजतात आजोबांना आवाज सहन होत नाही. आवाजाचं काही नाही.

एक पेटली की माणूस दुसरीकडे जातो, मग तिसरीकडे. पाच पेटवायला वेळ लागतो आणि तो वेळ वातीतूनच जातो. मी दोराकडे पाहत होतो. दोर हलत नव्हता. बळीनेही भेंडोळं पाहिलं होतं. माझ्या हातांना घाम सुटला आणि दांडा घसरायला लागला. मी हात मातीत घासले. दोर हलत नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, चार पुरे, पाचवी राहू द्या, दाजी, राहू द्या.

दोर हलला.

यारी रोज आम्ही फिरवायचो, पण त्या दिवशी ती फिरत होती की आम्ही तिच्याभोवती फिरत होतो मला सांगता येणार नाही. दाताला दात घासून लोखंड किंचाळत होतं. एका परसाला एक वीत, हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप चालला होता, आणि प्रत्येक वेळी वीत आखूड पडत होती. दाजींचं पागोटं दिसलं. मग खांदे दिसले. दाजी नेहमी वर आकाशाकडे पाहत यायचे, वर पोचले की काहीतरी चावट बोलायचे. त्या दिवशी ते दोर धरून खाली पाहत होते. एकदाही मान वर केली नाही. तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलं आहे.

डोल काठाला लागला. मी दांडा बळीच्या भरवशावर सोडला आणि दाजींना काखेत धरून ओढलं. त्यांचं अंग बाहेर आलं, पाय अजून आत होते, आणि पहिला बार उडाला.

जमीन पोटाखाली उडी मारते. कान जातात. दगड वर गेले आणि खाली यायला लागले. मी दाजींच्या अंगावर आडवा पडलो होतो आणि पाठीवर खडी पडत होती. दुसरा. तिसरा. मग चौथा, तो जरा उशिरा. मी डोळे मिटून पाचव्याची वाट पाहिली.

पाचवा आला नाही.

पुष्कळ वेळ कोणी हललं नाही. मग बळी उठला आणि म्हणाला, "दोन संगं उडाले. दुसरा मोठा वाजला, तो जोडबार होता." वाहणाऱ्यांपैकी एक म्हणाला, हाव, पाच झाले. गोदामाय म्हणाली, "मी पाच मोजले बाप्पा, माह्या छातीत पाच वाजले." सगळ्यांना पाचच व्हायला पाहिजे होते.

अक्का उठून आली. आधी तिने दाजींचे पाय पाहिले. एका पोटरीवर दगड लागून रक्त येत होतं, बाकी ठीक होतं. मग ती म्हणाली, "चार झाले."

बळी म्हणाला, "तुमची तं पाठ होती, वच्छाअक्का."

"मी दररोज मोजते," ती म्हणाली. "जेवढे बार तेवढं माह्यं कुंकू. चार झाले."



आता न उडालेल्या बाराचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तो मेला आहे की दबून बसला आहे हे वरून कळत नाही. वात पाण्यात विझली असेल तर दारू नुसती बसून राहते. पण कधी वर दगड पडून वात दाबली जाते आणि आतल्या आत धुमसत राहते, आणि जुने लोक सांगायचे की अशी वात रात्रभरही बसते. म्हणून त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. सकाळी एकाने घागरभर पाणी घेऊन उतरायचं, भोकात पाणी सोडायचं, मुरू द्यायचं आणि लाकडी दांडक्याने माती कोरून दारू बाहेर काढायची. तसंच सोडून देता येत नाही. पुढे कोणाची तरी पहार त्याच्यावर पडते. आणि उतरायचं कोणी? ज्याने वात कापली त्याने.

संध्याकाळी पालापुढे चहा झाला. दाजींनी बशी तोंडाला लावली आणि अर्धा चहा दाढीवर सांडला. हात थरथरत होता. त्यांनी बशी खाली ठेवली, दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला आणि म्हणाले, "सकाळी मी उतरतो."

मी म्हटलं, "या हातानं?"

ते भडकले. "कोनामुळं झालं हे? माह्या आठ विती असत्या तं पाची उडाले असते. तुही ती नववी वीत पान्यात पडली. टप्प्यावरून लोंबली अन् पडली पान्यात."

"माह्या वितीनं तुमचे पाय वाचले, दाजी. आठ असत्या तं तुमी डोलातच उडाले असते."

"नसतो उडालो."

"उडाले असते."

असे आम्ही दोघं. खाली एक बार जागा की मेलेला ते माहीत नाही, आणि आम्ही एका वितीवर भांडत होतो. पण मी तेव्हाही मनात जाणून होतो की दोघांचंही खरं आहे. त्या वितीने त्यांना वाचवलं होतं, आणि त्याच वितीने बहुतेक पाचवा बार बसवला होता. आतापर्यंतची भीती दाजींसाठी होती. ही माझी स्वतःची होती. कारण मला दिसत होतं की तो थरथरता हात दांडकं धरू शकणार नाही. हळू कोरायचं काम आहे. दांडकं आदळलं तर संपलं.

अक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "अक्का, उद्या मी उतरलो तं?"

तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर गेली, तिच्यावर पाणी फिरलं. मग ती म्हणाली, "मले इचारू नको, किसना."

"तू नको म्हन, मी नाई उतरत."

"एक माह्या मायच्या पोटचा, एक माह्या कुंकवाचा. म्या कोनाचं नाव घेऊ? तूच सांग मले, कोनाचं घेऊ?" तिने माझ्याकडे पाहिलं. चुलीच्या उजेडात ती एकदम आमच्या मायसारखी म्हातारी दिसली. "मले इचारू नको. तुले जे करायचं ते मले न इचारता कर."

मी जेवलो नाही. सांगितलं की पोट बरं नाही.

दाजी आता नाहीत. शेवटपर्यंत माझे पुढारी राहिले, पुढे पुष्कळ विहिरी आम्ही सोबत केल्या. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी 'बे' म्हटलं नाही. 'किसनराव' म्हणायला लागले. लोकांना वाटायचं साळ्याला काय मान देतो हा माणूस. मला ते कधी आवडलं नाही. एकदा दारू पिऊन मी त्यांना म्हटलंही, दाजी, एकदा शिवी द्या. ते हसले आणि म्हणाले, "कायले, किसनराव." त्या वितीवरून शेवटी कोण जिंकलं हे आम्ही दोघांनी ठरवलं नाही. मी अजूनही म्हणतो की आठ असत्या तर ते गेले असते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उजाडताना मी यारीपाशी गेलो तर तिथे पाण्याने काठोकाठ भरलेली घागर ठेवलेली होती. अक्का चार पावलांवर उभी होती. पदर ओला होता. घागर कोणासाठी ते ती बोलली नाही, आणि पालाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बळी दांड्याशी येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "किसना, आठ दिवस थांबलं तं नाई जमत काय?" मी म्हटलं, "जमते. तू थांब." आणि डोलात पाय टाकला.

दाजी पालातून बाहेर आले. धोतर सावरत, लंगडत. "निघ त्याच्यातून."

"नाई निघत."

"वात म्या कापली."

"नववी वीत माही होती. तुमीच म्हनले काल, चार मानसांत म्हनले. बळी, सोड."

बळीने दाजींकडे पाहिलं. दाजींनी त्या चिंधीच्या हाताकडे पाहिलं आणि ते एक पाऊल मागे सरले. बळीने सोडलं.

पहाटेची विहीर उन्हाळ्यातही गार असते. मी मांडीत घागर आणि काखेत लाकडी दांडकं धरून खाली चाललो होतो आणि दगडाला हात लावत परस मोजत होतो, कारण काही मोजत राहिलं की ओरडावंसं वाटत नाही. तळाला धुराचा शिळा वास कोंडलेला. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. टप्प्यावर डोक्याएवढा दगड येऊन पडला होता, नेमका भोकाच्या तोंडाशी. वातीचं पाण्याकडचं टोक जळालेलं होतं, म्हणजे ती पाण्यात विझली नव्हती. काळी होत होत ती दगडाखाली गेली होती, आणि दगडाखाली काय झालं ते दिसत नव्हतं.

दगड मी दोन्ही हातांनी उचलला. ढकलला नाही, उचलला, आणि पाण्यात अलगद ठेवला. खाली ठासलेल्या मातीतून वात बाहेर आलेली होती, अंगठ्याच्या पेराएवढी, पांढरी. तिच्या मुळाशी काळं होतं की सावली, मला सांगता येईना. वरून कोणी आवाज देत नव्हतं. मी घागर तिरपी केली आणि बारीक धारेने पाणी सोडलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कान जवळ नेऊन ऐकलं. मला माझ्याच छातीचा आवाज येत होता, दुसरा काही होता की नाही कळलं नाही.

माती मऊ व्हायची वाट पाहिली. मग दांडकं घेतलं आणि कोरायला बसलो.